पंचनाम्याआधी झाडलेलं घर

माझ्या मायला पसारा पाहवत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही, तक्रार म्हणून सांगते. लहानपणी माझा शेवटचा घास तोंडात असायचा आणि ही बाई ताटाखालची जागा पुसायला ओला बोळा घेऊन उभी. राहायला शेतात, चारी बाजूंनी ढेकळं, कडबा, शेण, पाचोळा. पण आमच्या आखाड्यापुढचं अंगण असं की तिथं सांडलेले तांदूळ तसेच गोळा करून शिजत घालावेत, दाताखाली खडा यायचा नाही. कुणी नुसतं बांधावरून चाललेलं दिसलं तरी ती आधी खराटा हातात घ्यायची, मग "या" म्हणायची. बाबा तिला चिडवायचे, यमराज जरी न्यायला आला तरी तू त्याला म्हणशील, जरा थांबा, झाडून घेते.

आखाडा म्हणजे कुस्तीचा नव्हे. आमच्या हिंगोलीकडं शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. आमचा आखाडा शिरड शहापूरहून आत, डांबरी रस्ता संपून पांदण लागते तिथून पुढं, ओढ्याच्या काठाला. एक खोली, एक सैपाकघर, पुढं पडवी. भिंती दगडमातीच्या, वर लोखंडी अँगल आणि पत्रे. पत्रे बाबांनी स्वतः चढून बसवलेले. बाबांना जाऊन आता सहा-सात वर्षं होत आली. मी त्यांची एकुलती एक, दिली वसमतला. माझा नवरा तिथं कापसाच्या जिनिंगवर कामाला, मी एका शाळेच्या ऑफिसात. दोन भाड्याच्या खोल्यांत आम्ही चौघं. दर दिवाळीला मी मायला म्हणायची, चल आता वसमतला, एकटी कशाला राहतेस. तिचं उत्तर ठरलेलं. लेकीच्या घरी चार दिवस जावं, पाचव्या दिवशी भांडी वाजायला लागतात.

शेत तिनं शेजारच्या आखाड्यावरच्या भाऊंना बटईनं दिलं होतं. एक गाय स्वतः सांभाळायची. आणि ते अंगण. तेवढ्यात तिचं सगळं होतं, आणि ते तिला पुरत होतं. मला पुरत नव्हतं, कारण दर पावसाळ्यात मला घोर लागायचा. पण माझ्या घोरापायी ती हलणारी नव्हती.

त्या वर्षी चैत्र संपता संपता मी दोन दिवसांची रजा काढून गेले होते. हळद शिजवून झाली होती. शेतातच मोकळ्या जागेवर हळकुंडं वाळत घातलेली, लांबून बघितलं तर जमिनीवर कुणी पिवळं लुगडं सुकत टाकलंय असं वाटावं. मी आणि माय दिवसातून दोनदा ती हातानं वरखाली करायचो. ऊन असं की चप्पल काढली तर पाय भाजायचा.

उन्हाळ्यात आमच्याकडं बारक्या वावटळी रोजच्याच. पाचोळा घेऊन गरगरत येतात आणि बांधापाशी मरतात. माय त्यांच्यावर चप्पल फेकते. वावटळीत भूत असतं म्हणे, चप्पल दाखवली की वाट सोडतं. त्या दिवशी दुपारपासून तिनं तीन-चारदा चप्पल फेकली आणि तीन-चारदा मी जाऊन उचलून आणली. मी म्हटलं, आज भुतांचा बाजार भरलाय जणू. ती हसली नाही. वारं बराबर न्हाई आज, एवढंच म्हणाली.

चारच्या सुमाराला सगळं गप्प झालं. लिंबाचं पान हलेना. मग ओढ्याच्या पलीकडं आभाळ तांबूस काळं झालं आणि त्यातून धुळीचा एक खांब खाली उतरला. मी वावटळी आयुष्यभर बघितल्या आहेत, पण अशी नाही. ती पाचोळा उचलत नव्हती, अख्खं झुडूप उचलत होती. भाऊ त्यांच्या आखाड्यावरून हात हलवून काहीतरी ओरडत होते, आवाज पोचत नव्हता. मला काय सुचावं, तर खिडकीत चार्जिंगला लावलेला मोबाइल. मी घराकडं पळाले. मायनं मागून माझी वेणी धरली. तिनं लहानपणानंतर माझी वेणी कधी ओढली नव्हती.

"मोबाइल गेला तर गेला," ती म्हणाली. "चाल."

तिनं आधी गाईचं दावं सोडलं, तिच्या पाठीवर एक थाप मारून तिला मोकळी केली. मग मला गोठ्यातल्या गव्हाणीत ढकललं. गव्हाण दगडसिमेंटची, बाबांनी जरा जास्तच मजबूत बांधलेली; आम्ही त्यांना हसायचो, की गाईसाठी किल्ला बांधलाय. मी आडवी झाले, माय माझ्या अंगावर पालथी पडली. तोंडात कडबा गेला. मग मळणी यंत्र डोक्यावरून चालवावं तसा आवाज आला आणि गोठ्याचं छप्पर गेलं. ते गेलेलं मला दिसलं नाही, फक्त एकाएकी उजेड झाला. माय माझ्या कानाशी देवाचं नाव घेत होती, आणि मधेच तिनं नाव थांबवून म्हटलं, "हळद गेली बग."

किती वेळ चाललं, मला सांगता येणार नाही. भाऊ म्हणतात पाच मिनिटंसुद्धा नव्हती. मागून गारा आल्या, पाऊस आला, तोही थोडाच. आम्ही उठलो तेव्हा मायच्या पाठीवर गारांचे वळ होते आणि घरावर एकही पत्रा नव्हता. ओढ्याकडची भिंत अर्धी खाली आलेली. अँगल वाकलेले. पत्र्यांतला एक लिंबाच्या खोडाला पिळून बसला होता, ओलं धोतर पिळून ठेवावं तसा. हळद चिखलात गेली होती, दूरवर, भाऊंच्या वावरापर्यंत पिवळे ठिपके. ज्वारीची कोठी आडवी पडून भिजली. मोबाइल सापडला नाही, तो अजूनही सापडलेला नाही. तुळस मात्र होती तशी होती, आणि सैपाकघरातल्या फळीवरचे स्टीलचे डबे ओळीनं उभे होते, जसे मायनं लावले होते. एवढं सगळं नेलं आणि डब्यांना हात नाही लावला. मला त्या डब्यांचा राग आला, का ते सांगता येत नाही.

गाय संध्याकाळच्या आत आपणहून परत आली. माय तिच्या गळ्यात पडून रडली. माझ्या गळ्यात नाही पडली.

आणि डोळे पुसून झाल्यावर तिनं पहिलं काम काय केलं, तर खराटा शोधायला लागली. तो काही सापडेना, म्हणून वाकून हातानंच काड्या गोळा करायला लागली. तेवढ्यात भाऊ आले. त्यांचा गोठा गेला होता, पण स्लॅबची एक खोली शाबूत होती. त्यांनी आम्हाला तिकडं राहायला बोलावलं आणि मायच्या हातातल्या काड्या घेऊन परत खाली टाकल्या. "काकू," ते म्हणाले, "पंचनामा व्हईपर्यंत कशालाच हात लावू नका. हाय तसं राहू द्या."

मी भाऊंच्या फोनवरून रजा वाढवून घेतली. पुढचे तीन दिवस गावात दुसरा विषय नव्हता. वावटळ ओढ्याच्या काठानं गेली होती, तिच्या वाटेतले आठ-दहा आखाडे आणि गावाची एक कड तेवढी मोडली होती, बाकी गाव कोरडं. ज्यांचं मोडलं ते सगळे एका दिवसात पंचनाम्यातले पंडित झाले. साहेब येणार, मोबाइलवर फोटो काढणार, फोटोत दिसेल तसं लिहिणार. "पूर्ण पडझड" लिहिलं तर घरकुलाच्या यादीत नाव वर सरकतं. "अंशतः" लिहिलं तर पत्र्यापुरतं काहीतरी मिळतं आणि विषय संपतो. एकानं तर उभी राहिलेली भिंत रात्रीतून स्वतःच पाडली. लोक हसले, पण त्याला वेड्यात कुणी काढलं नाही.

मी मनाशी सगळं मांडून बघितलं. आमच्या दोघांच्या पगारात नवं घर उभं राहणार नव्हतं, हे उघड होतं. घर सरकारी कागदावर पडलं, तरच जमिनीवर परत उभं राहणार होतं. नाही राहिलं तर मायला वसमतला यावं लागणार, आणि यावं लागणं म्हणजे काय हे मला तिच्याइतकंच कळत होतं. म्हणून मी तिला समोर बसवलं, तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली, की साहेब येऊन जाईपर्यंत ती एक काडी हलवणार नाही. तिनं शपथ घेतली. एकुलत्या एक लेकीच्या गळ्याची शपथ, मला वाटलं झालं काम.

तीन दिवस तिनं ती पाळली, आणि ते तीन दिवस बघणं सोपं नव्हतं. ती सकाळी भाऊंच्या घरून यायची, गाईचं बघायची आणि मग गव्हाणीच्या कडेवर बसायची, दोन्ही हात मांडीखाली दाबून, हात आपणहून काही करतील म्हणून. समोर तिचं घर पोट फाटल्यासारखं पडलेलं. आणि बघायला लोक. गावातून, शेजारच्या गावांतून, मोटारसायकलवर, ट्रॅक्टरवर, कधी न आलेले लोक आले. पडवीत उभे राहून आत डोकावायचे. मायची फाटकी वाकळ, तिचं अंथरूण, देवाचे फोटो, चुलीपुढचं काळं, सगळं उघड्यावर. काहींनी उभ्या उभ्या फोटो काढले. कुणी म्हणायचं, काय होतं काकू तुमचं घर, कसं लख्ख. तिनं मान खाली घालायची. तिची एक चोळी बाभळीच्या काट्यात अडकून राहिली होती, तेवढी काढू का म्हणून तिनं मला विचारलं. मी म्हटलं, काढ, एवढं चालेल. जशी काही मीच तलाठी.

खरं सांगते, मला त्यात बरंही वाटत होतं. सगळं आयुष्य मी तिचं ऐकत आले होते, भांडं इथं ठेव, पाय तिथं पूस. पहिल्यांदा ती माझं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी मी तिला फुटक्या माठाचे तुकडे एकात एक रचताना पकडलं तर मी तिच्यावर लहान पोरीवर ओरडावं तशी ओरडले, आणि तिनं मुकाट्यानं ते परत पसरून ठेवले. मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी गावातून निरोप आला, साहेब आज अकराच्या सुमाराला आपल्या बाजूला येतायत, कागदांच्या झेरॉक्स तयार ठेवा. मायचे कागद भिजून चिकटले होते, एकेक सोडवून मी ते उन्हात वाळवले होते. झेरॉक्स शिरड शहापूरला. मी दुधाच्या गाडीवर बसून निघाले. निघताना परत बजावलं, हात लावू नकोस. आणि त्याला जोडून म्हटलं, साहेब येणार आहेत आज.

तिथं मी चुकले. आज दहा वेळा विचार करून कळतं, की मायला पाहुणा येतोय म्हणून सांगणं म्हणजे तिच्या हातात खराटा देणं. गळ्याची शपथ मोठी खरी, पण तिच्या आयुष्यात न झाडलेल्या अंगणात पाऊल ठेवणारा पाहुणा आजवर आला नव्हता. हे मला माहीत होतं. जगात दुसऱ्या कुणाच्या नाही, तरी माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

दहाला मी पांदणीतून परत येत होते तेव्हा लांबून मला निळी ताडपत्री दिसली. ताणून बांधलेली, चारी कोपरे घट्ट. मला आधी वाटलं दुसऱ्याच कुणाचा आखाडा आहे. जवळ गेले तर सड्याचा ओला वास आला. अंगण शेणानं सारवलेलं, दारात रांगोळी. गोळा करून आणलेले पत्रे एका बाजूला एकावर एक रचलेले, वाकडे खाली, सरळ वर. पडलेल्या भिंतीचे दगड उचलून ओळीनं लावलेले, असे की भिंत पडली नाही, कुणी हौसेनं कमरेइतकीच बांधली असं वाटावं. ज्वारी चादरीवर पसरून वाळत घातलेली. चिखलाचा ठिपूस नाही. भाऊंची बायको आणि शेजारच्या आखाड्यांवरच्या आणखी दोघी हातपाय धूत होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, मायला एकटीला दगड उचलताना बघून त्या आल्या होत्या. ताडपत्री भाऊंची. मायनं आंघोळ केली होती, धुतलेलं लुगडं नेसली होती, आणि चुलीवर चहाचं आधण चढलं होतं. मागून आणलेल्या कपबश्या पालथ्या घातलेल्या, सहा.

मी झेरॉक्सची पिशवी खाली टाकली. माय, हे काय केलंस, एवढंच मला बोलता आलं.

"साहेब येऊन राहिले ना," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "तीन दिस सगळ्या मुलखानं बगितलं, बाई. आता त्यो परका माणूस येणार, पाणी पिणार. त्याला असं उघडं कसं दावू?"

त्यासाठीच तर तो येतोय, मी ओरडले. उघडं बघायलाच येतोय. शपथ घेतली होतीस तू, माझ्या गळ्याची. मी सरळ ताडपत्रीकडं गेले आणि दोरीच्या गाठीला हात घातला. मला ते सगळं परत मोडायचं होतं, पत्रे फेकायचे होते, दगड ढकलायचे होते, रांगोळीवर पाय घासायचा होता. मायनं मागून येऊन माझं मनगट धरलं. त्या दिवशी वेणी धरली होती त्याच जोरानं.

"हात लावू नको. माझं घर हाय."

त्या तिघी बायका बघत होत्या. मी गाठ सोडवली नाही आणि धरूनही ठेवली नाही. तेवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला.

दोघं आले होते. तलाठी वयानं माझ्याहून लहान, तीन दिवस उन्हात फिरून चेहरा रापलेला. दुसरे ग्रामसेवक, हातात वही. त्यांनी गाडी लिंबाखाली लावली, अंगणापाशी आले, ओलं सारवण बघितलं आणि दोघांनीही बूट काढले. मी तेव्हाच ओळखलं, की संपलं. पडलेल्या घरात कुणी बूट काढून येत नाही.

मायनं बाजेवर घोंगडी अंथरली होती. पाणी दिलं. तलाठ्यानं विचारलं, मावशी, काय काय नुकसान झालं, सांगा. आता ह्या प्रश्नाला आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका काय उत्तर देतात हे सांगायला नको. पाय मोडलेला असला तरी कसं काय म्हटलं की बरंय म्हणायचं. माय पदर सावरून म्हणाली, "काय न्हाई साहेब. देवाच्या किरपेनं आमी दोघी मायलेकी वाचलो, गाय वाचली. तुमाला तकलीफ झाली एवढ्या लांब. च्या घ्या."

मग मी बोलायला सुरुवात केली. मी तोंडाची फटकळ, माय म्हणते बापावर गेली, आणि त्या दिवशी सगळं तोंड वापरलं. भिंत कुठपासून कुठपर्यंत होती ते चालून दाखवलं. पिळलेला पत्रा दाखवला, पिवळा झालेला चिखल दाखवला, मायला पाठीवरचे वळ दाखव म्हटलं तर तिनं पदर आवळून घेतला. तलाठी ऐकत होता. तो वाईट माणूस नव्हता, हे मला पहिल्यापासून दिसत होतं, आणि त्यानं जास्तच चिडायला होत होतं. तो मोबाइल घेऊन घराभोवती दोन चकरा मारून आला. मोडलेलं काहीतरी एका फोटोत बसावं म्हणून तो वाकला, मागं गेला, बांधावर चढला. जिकडून बघावं तिकडून स्वच्छ घर दिसत होतं, वर ताडपत्री घातलेलं. शेतात अशी शंभर घरं असतात.

"ताई, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही," तो म्हणाला. "पण फोटोत दिसतं तेच पुढं जातं. ताडपत्री काढता का? मी थांबतो."

तो थांबला. हे मी कधीच विसरणार नाही. हातात मोबाइल धरून, अनवाणी, तो उभा राहिला आणि आमच्याकडं बघत राहिला. मी मायकडं बघितलं. चार दोऱ्या होत्या फक्त.

माय म्हणाली, "साहेब, बांधलेलं घर पाव्हण्यासमोर सोडायचं, असं म्यां कदी केलं न्हाई. तुमी हाय तसं लिवा."

तिला ते खोटं दाखवल्यासारखं वाटत होतं. बांधलंय आणि मोडून दाखवायचं, म्हणजे फसवणूक. खरं काय ते आम्ही तीन दिवस तसंच ठेवलं होतं, चौथ्या दिवशी सकाळी तिनं ते झाडून टाकलं, आणि आता झाडलेलं तेच खरं झालं होतं. मी पुढं होऊन दोऱ्या सोडू शकले असते. माझ्यात तेवढा जोर होता, आणि ती म्हातारी आहे. मी अजून स्वतःला विचारते, काहून नाही सोडल्या. तिनं मनगट तर केव्हाच सोडलं होतं. पण तिनं ज्या तऱ्हेनं "हाय तसं" म्हटलं, त्यानंतर ती ताडपत्री ओढणं म्हणजे भर अंगणात तिचा पदर ओढणं होतं. माझ्यानं झालं नाही. दुसरं काही कारण मला सापडलेलं नाही.

फोटोसाठी त्यानं तिला घरासमोर उभं केलं. तिनं पदर डोक्यावरून घेतला, पाय जुळवले, हात सरळ केले. फोटो काढून त्यानं मला दाखवला. रांगोळी, तुळस, निळी ताडपत्री आणि मधे माझी आई. छान आला होता फोटो.

वहीत त्यानं "अंशतः" लिहिलं. मायचा अंगठा घेतला, तिनं अंगठा पुसायला लगेच फडकं शोधलं. चहा प्यायले, जेवून जा म्हटल्यावर हात जोडले, आणि बूट घालून पुढच्या आखाड्याकडं गेले. भिंत पाडणाऱ्याचं पूर्ण लिहिलं गेलं. त्याचा मला राग नाही. त्याचं घर खरंच गेलं होतं, त्यानं फक्त ते दिसेल असं केलं.

मी त्या दिवशी मायला नको ते बोलले. तुझ्या ह्या झाडण्यानं तू स्वतःचं घर झाडून टाकलंस, असं म्हणाले. ती कपबश्या विसळत होती. सहाच्या सहा विसळून, पुसून, ज्यांच्या त्यांच्या घरी पोचवून आली, आणि मग मला म्हणाली, जेवून घे.

मिरगाआधीच्या वाऱ्यात ताडपत्री फाटली. पावसानं उघडी भिंत भिजली आणि आषाढात तीही बसली. मी पुन्हा अर्ज घेऊन तहसीलला गेले, तिथल्या माणसानं नीट समजावून सांगितलं की त्या वावटळीचा पंचनामा झालेला आहे, भिंत नंतर पडली. त्याचंही बरोबर होतं. ह्या सगळ्यात मला चूक कुणाची ते सापडत नाही, आणि म्हणून कुणाशी भांडताही येत नाही. गाय भाऊंकडं दिली. माय एक गाठोडं आणि तुळशीची कुंडी घेऊन एसटीनं वसमतला आली. निघताना तिनं पडलेल्या घराचं अंगण झाडलं. तिचं होईपर्यंत मी गाठोडं धरून उभी राहिले.

ती येण्याआधी मी मनाची तयारी केली होती. माझं घर म्हणजे पोरांची दप्तरं, बाजेवर कपड्यांचा ढीग, ओट्यावर सकाळची भांडी संध्याकाळपर्यंत. म्हटलं, आता ही उठता बसता मला बोलणार, माझे डबे स्वतःच्या पद्धतीनं लावणार, आणि पाचव्या दिवशी भांडी वाजणार. मी भांडणाची वाट बघत होते. आज तिला येऊन दुसरं वर्ष लागलं, भांडण झालेलं नाही. दारापाशी बाज आहे, तिच्या कडेवर ती बसते. चहा दिला की घेते. पसारा दिसतो तिला, तिची नजर मला कळते, एकेका वस्तूवर जाऊन परत येते. हात मात्र मांडीखाली.

एकदा मी मुद्दाम पीठ सांडलं आणि तसंच ठेवून कामाला गेले. संध्याकाळी आले तर पीठ जागेवर होतं, मुंग्या लागलेल्या. मला रडू आलं. मी म्हटलं, माय, झाडून घ्यायचं ना गं, केरसुणी काय कोपऱ्यातच आहे.

"तुझं घर हाय, बाई," ती म्हणाली. अगदी सहज म्हणाली, टोमणा नव्हता त्यात.

मग मीच केरसुणी घेतली. आता रोज सकाळी मीच झाडते, आधीपेक्षा नीट झाडते, कोपरे काढते. बाजेपाशी आले की ती दोन्ही पाय वर उचलून घेते, आणि माझं झाडणं पुढं सरकेपर्यंत तसेच धरून ठेवते.